मोहाखालचा विस्तव

आमच्या गावाला गोंदियातले लोक थट्टेनं 'गरिबाचं महाबळेश्वर' म्हणत. ज्यांनी महाबळेश्वर पाहिलेलं नाही तेच हे म्हणत, आणि ज्यांनी पाहिलं होतं ते आमच्याकडे येत नसत, त्यामुळे कोणाचीच तक्रार नव्हती. कोहमाऱ्याच्या चौकात ढाब्यावर चहा घेऊन गाडी आत वळली की तासाभरात डोंगर सुरू होतात. तिन्ही बाजूंनी डोंगर, मधे मोठा तलाव आणि तलावाच्या काठाकाठानं आमचं गाव. हिवाळ्यात लोक पाण्यावर उतरलेली परदेशी बदकं बघायला येत. उन्हाळ्यात गोंदियाच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं की तलावाचा गार वारा खायला आणि पाणवठ्यावर येणारी जनावरं पाहायला येत. पावसाळ्यात मात्र कुत्रंही फिरकत नसे. तेव्हा आम्ही आमची धानाची रोवणी करायचो आणि पुन्हा माणसात यायचो.

नव्याण्णव साली लग्न होऊन मी या गावात आले. माहेर गोंदिया शहरातलं, घरी निम्मी हिंदी. सासर पोवारांचं, शेतीवाडीचं. घरात पोवारी, अंगणात झाडीबोली, पाहुण्यांशी हिंदी, अशी त्रिस्थळी यात्रा करता करता पहिलं वर्ष माझी जीभ पार बधिर झाली. ह्यांनी रस्त्याकडच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली होती आणि मागच्या पडवीत खानावळ. लाखोळीच्या डाळीचे वडे आणि तलावातले मासे, एवढ्या दोन गोष्टींवर आमचं नाव भिलाईपर्यंत पोचलं होतं. ते वडे सासूबाईंच्या हातचे. मी फक्त ताटं वाढायची आणि पाहुण्यांच्या पोरांची भांडणं सोडवायची.

सीझनमध्ये पोळ्या लाटायला शेजारच्या टोल्यावरची एक बाई येई. गोंडांची वस्ती होती ती, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. बाई कामाला वाघीण आणि बोलायला त्याहून. तिचा नवरा जंगलखात्यात रोजंदारीवर होता. उन्हाळाभर डोंगरावर फिरायचं, कुठं धूर दिसला की धावायचं आणि ओल्या डहाळ्यांनी झोडपून आग मारायची, हे त्याचं काम. वर्षानुवर्षं तो हेच करत होता आणि वर्षानुवर्षं रोजंदारीवरच होता. काम नसलं की दोघं पोरांना घेऊन आंध्रात मिरची तोडायला जायची. परत यायची तेव्हा तिच्या हातांची इतकी आग होत असायची की आठवडाभर पिठाला हात लावता येत नसे.

त्या वर्षी जंगलखात्याच्या साहेबांनी त्याला शब्द दिला. आमच्याच पडवीत दिला, वडे खाता खाता, म्हणून मला पक्कं ठाऊक. साहेब म्हणाले, "यंदाचा उन्हाळा तुझ्या डोंगरावर आग लागली नाही, तर मी तुझं नाव वर पाठवतो. कायम करून टाकतो." तो उंबऱ्याशी उभा होता. नुसता मान हलवत राहिला. आत त्याच्या बायकोनं लाटणं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मी पहिल्यांदाच तिला गप्प पाहिलं.

त्या दिवसापासून तो डोंगर म्हणजे त्याचं लग्नाला आलेलं पोरगं झालं. उठता बसता नजर तिकडे.

पण आग कुठून लागते हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. ती मोहाखालून लागते. होळीच्या मागेपुढे मोहाची फुलं टपकायला लागतात. पहाटेपासून खाली फुलांचा सडा पडतो. पण झाडाखाली गुडघाभर वाळला पाला असेल तर त्यातून एकेक फूल कसं वेचणार? म्हणून फुलं पडायच्या आधी लोक झाडाखालचा पाला पेटवून देतात. जमीन काळी आणि साफ होते, तिच्यावर पिवळी फुलं नीट दिसतात. बापजाद्यांपासून हे असंच चाललंय. जंगल सरकारचं असलं तरी मोह घराघराचे. कोणी लिहून दिलेलं नाही, पण कुठला मोह कोणाचा हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

म्हणून तिचा नवरा त्या वर्षी घरोघर फिरला. आमच्याकडेही आला आणि अंगणात हात जोडून उभा राहिला.

"पाटलीनबाई, यंदा मोहाखाली जाळू नका. झाडून घ्या. झाडाले मी माह्या पोराइले पाठवतो."

सासूबाई सुपात डाळ पाखडत होत्या. "बापा, मी का आजची जाळून राहिली? माह्या हातची आग कधी गेली का कुठं?"

"नाई गेली. पन यंदा नका जाळू."

"बरं बापा. नाई जाळत."

सासूबाई शब्दाच्या पक्क्या होत्या, हे मी आजही म्हणेन. पण हाताची सवय शब्दापेक्षा पक्की असते. त्यांचा मोह डोंगराच्या पायथ्याशी, चढाला लागून होता आणि इतरांच्या मागून फुलायचा. घेर एवढा की त्याच्या सावलीत अख्खं वऱ्हाड बसावं. त्या पसाऱ्याखालचा पाला वाकून वाकून झाडायचा म्हणजे कंबरेचा काटा ढिला. गुडघे तर आधीच गेलेले. आणि त्याच्या पोरांना झाडायला बोलवायचं त्यांना लाजिरवाणं वाटत होतं, कारण दुसऱ्याची पोरं राबवून फुलं वेचणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. हे सगळं मी नंतर जोडलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की त्या पहाटे टोपली घेऊन गेल्या आणि उन्हं चढायच्या आधी परत आल्या.

एप्रिल होता. दोन्ही खोल्या भरलेल्या, भिलाईचं एक कुटुंब आणि नागपूरचे दोन मास्तर. त्याच दिवशी, दुपारच्या जेवणाची घाई होती. मी कांदे चिरत होते, ती पोळ्या लाटत होती, सासूबाई वडे तळत होत्या. वारा सुटला. तलावाकडून यायचा तो नाही, पश्चिमेकडून, कोरडा आणि तापलेला. खिडकीचं दार आपटलं म्हणून मी उठले, तर अंगणातून भिलाईची बाई ओरडली, "अरे देखो, देखो! पहाड़ पे धुआँ!"

तिच्या आवाजात मजा होती. हे मी विसरू शकत नाही. तिचा नवरा कॅमेरा आणायला आत पळाला.

मी बाहेर आले. डोंगराच्या पायथ्यापासून धुराची एक पातळ पट्टी वर सरकत होती. मग बांबू फुटल्याचे आवाज यायला लागले, फटाफट. पोळ्यांवरून उठून ती माझ्या मागे येऊन उभी होती, हाताला पीठ तसंच. पायात चप्पलही न घालता डोंगराच्या दिशेनं पळत सुटली.

मी वळून सासूबाईंकडे पाहिलं. त्या चुलीपुढून उठल्या नव्हत्या. कढईतले वडे काळे व्हायला लागले तरी झारा त्यांच्या हातात तसाच. मला काही विचारावं लागलं नाही.

"मी इझवली होती," त्या हळूच म्हणाल्या. "बसून होती मी. समदं काळं होईपर्यंत बसून होती. डहाळीनं झोडपलं मी, सूनबाई."

"मग?"

"तिथं एक साजाचं वठलेलं खोड होतं. पोकळ. त्याच्यात इस्तो राह्यला असंन."

मी कढई खाली उतरवली. रागानं तोंडाशी शब्द आले होते, पण त्यांचा चेहरा बघून गिळले. त्या एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या होत्या. तेवढ्यात हे धावत आत आले आणि ओरडून म्हणाले, "आता बोलू नका कोनी. मी जातो वर." कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलून गेले. गावातले पुरुष त्यांच्या मागून गेले.

दुपार कशी गेली ते सांगता येत नाही. पाहुण्यांना वाढलं. ते ताटं घेऊन अंगणात बसले, डोंगराकडे तोंड करून, सिनेमा बघावा तसे. मास्तर मला विचारत होते, वणवा रोज लागतो का. माझं मन होत होतं की त्यांच्या हातातलं ताट ओढून घ्यावं. डोंगरावरचा धूर वाऱ्यासरशी आमच्याकडे झुके तेव्हा वाटे गेलं सगळं, आणि तो परत फिरे तेव्हा वाटे, आता विझेल. मधेच माणसांच्या आरोळ्या ऐकू येत. त्यात त्याचा आवाज कुठला हे मी ओळखायचा प्रयत्न करत होते. सासूबाई देवापुढे बसल्या नाहीत, रडल्या नाहीत. अंगणाच्या कडेला खांबाला धरून उभ्या होत्या. मी दोनदा पाणी दिलं, दोनदा त्यांनी तसंच ठेवलं.

"थ्याची नौकरी," एवढंच एकदा बोलल्या.

खडकाळ पट्ट्याशी जाऊन आग मेली. सूर्य डोंगराआड जायच्या आत माणसं खाली उतरली. तो सगळ्यात शेवटी आला. भुवया जळालेल्या, पायाला पोळलेलं, आणि बायको त्याच्या मागे. अर्ध्या डोंगराला काळं फासलं गेलं होतं. कोणाचा जीव गेला नाही, म्हणून सगळे देवाचं नाव घेत होते. त्या दोघांचं मात्र कोणाकडे लक्ष नव्हतं. त्यांना कळलं होतं काय गेलं ते.

थोड्या वेळानं साहेबांची जीप आली. आमच्याच अंगणात थांबली, कारण साहेबांना चहा आमच्याकडचाच लागे. ह्यांनी खुर्ची टाकली. गावातले लोक कुंपणाशी जमले. साहेब वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. हसतमुख होते, सासूबाईंना 'आजी' म्हणत, माझ्या पोराला खाऊ आणत. त्या दिवशी मात्र त्यांचा चेहरा ताठ होता. त्यांनाही वरून कोणी बोलणार असेल.

"आग पायथ्याच्या मोहापासून चढली," ते म्हणाले. "मी बघून आलो. तिथं दोन मोह आहेत, जवळजवळ. कोणाचे?"

एक मोह सासूबाईंचा आणि शेजारचा, लहान, आमच्या पोळीवालीच्या नवऱ्याचा. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि आग कुठल्या झाडाखालून निघाली हेही एव्हाना प्रत्येकाला माहीत होतं, कारण वर जाऊन आलेल्यांनी ते जळकं खोड पाहिलं होतं.

साहेबांनी पुन्हा विचारलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पडवीच्या पायरीवर होत्या. त्यांनी खांब धरून उठायला सुरुवात केली, तशी ह्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, बस," हे कुजबुजले. खोल्या, खानावळ, साहेबांची मर्जी, सगळं त्या दोन शब्दांत होतं. मला ह्यांचा तेव्हा इतका राग आला की पुढे कित्येक दिवस मी नीट बोलले नाही.

तेवढ्यात तो पुढे झाला.

"माह्या झाडाखालून निघाली, साहेब," तो म्हणाला.

त्याच्या बायकोनं झटक्यानं त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

साहेबांनी कप खाली ठेवला. "तुला आगीवर ठेवला होता ना मी? आणि तूच?"

त्यानं हात जोडले.

मग सासूबाई ह्यांचा हात झटकून उठल्या. पायऱ्या उतरून, एकेक पाय टेकत, साहेबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, थो खोटं बोलून राहिला. आग मी लावली. माह्या मोहाखाली. सकाळी लावली, इझवली असं मले वाटलं. नाई इझली. थ्यानं मले मना केलं होतं, घरी येऊन, हात जोडून. थ्याचा काई दोष नाई."

मला हायसं वाटलं. इतकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. सुटला, मी मनात म्हटलं. आता साहेब काय करतील? म्हातारीला दंड करतील, चार शब्द सुनावतील. करू देत.

साहेब सासूबाईंकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा सैल झाला आणि ते हसले. खरंच हसले, मायेनं.

"आजी, तुमचं मन फार मोठं आहे," ते म्हणाले. "पण असं पाठीशी घालून ही माणसं सुधारायची नाहीत."

"मी खोटं सांगून राहिली का?"

"नाही हो आजी. माया असते माणसाला. तुमच्या घरी त्याची बायको कामाला आहे, मला माहीत आहे."

"साहेब, सासूबाई खरं सांगताहेत," मी मधे बोलले. सुनेनं असं चारचौघांत बोलायची पद्धत नव्हती, पण मी बोलले.

"वहिनी, आता तुम्ही पण?" साहेब म्हणाले, आणि कुंपणाशी उभ्या असलेल्या लोकांकडे बघून पुन्हा हसले. दोघा-तिघांना त्यांच्याबरोबर हसावंच लागलं. "तो स्वतः कबूल करतो आहे ना? मग झालं. हे जाळतात, जाळल्याशिवाय यांना राहवत नाही." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

तो बरं म्हणाला. बायकोला घेऊन अंगणाबाहेर गेला. जाताना तिनं आमच्या घराकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ती कामाला आली नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. सासूबाई सकाळीच म्हणाल्या, "चाल माह्यासंगं." त्यांच्या गुडघ्यांनी टोल्यापर्यंतचा रस्ता संपता संपेना. मी हात दिला तर त्यांनी घेतला नाही.

ती दारात भांडी घासत होती. तो आत पोळलेल्या पायाला पाल्याचा लेप लावून बसला होता. बसा कोणी म्हटलं नाही. सासूबाई उभ्याच राहिल्या.

"थो मोहा आतापासून तुमचा," त्या म्हणाल्या. "मी काई येत नाई आता वेचाले."

"आमाले कायले?" ती भांड्यावरून नजर न काढता म्हणाली. "आमी तं जाऊन राहिलो, इटाच्या भट्टीवर. तुमी खरं बोलल्या, पाटलीनबाई. मानते मी. पन तुमच्या खऱ्यानं आमचं काय झालं?"

सासूबाई आत वाकून त्याला म्हणाल्या, "तू काऊन आपल्यावर घेतलं रे? मी उठून राहिली होती ना?"

तो शांतपणे बोलला. त्यात राग नव्हता, हेच मला सहन झालं नाही.

"पाटलीनबाई, तुमी मनल्या, सूनबाई मनल्या, तरी साहेबानं माह्यावरच घातली ना? मले ठाऊक होतं थे. मंग मी मनलं, आपनच बोललेलं बरं. निदान पोराइले कोनी मननार नाई का तुमचा बाप पकडला गेला."

परतताना वाटेत सासूबाई एका शेताच्या धुऱ्यावर बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. सासरे गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांची समजूत घालण्याजोगं माझ्याकडे काही नव्हतं, आणि खोटं काही सांगायचं नव्हतं.

ती दोघं पोरांना घेऊन नागपूरकडे गेली. पावसाळ्यात काळा डोंगर हिरवा झाला, आणि हिवाळ्यात बदकं आली तेव्हा तिथं कधी आग लागली होती असं कोणाला सांगून पटलं नसतं. आमच्या खोल्या भरल्या. पोळ्यांना मी दुसरी बाई लावली. तिच्या पोळ्या जाड व्हायच्या, पण पाहुण्यांना चालायच्या.

एका दुपारी साहेब त्यांच्या मित्रमंडळींना घेऊन जेवायला आले. बायका-पोरं, दुर्बिणी, टोप्या. पंगत बसली. सासूबाई वडे घेऊन आल्या तशी साहेबांनी त्यांना थांबवलं आणि कौतुकानं मित्रांना गोष्ट सांगितली. वणवा, तो गडी, आणि त्याला वाचवायला स्वतःवर आळ घेणारी ही आजी.

"अशी माणसं आता राहिली नाहीत," एक बाई म्हणाली.

"मीच लावली होती," सासूबाई म्हणाल्या.

"बघा!" साहेब म्हणाले, आणि सगळी पंगत हसली.

सासूबाई वड्यांची परात धरून उभ्या राहिल्या. हसणं संपेपर्यंत उभ्या राहिल्या. मग सरळ साहेबांकडे बघून म्हणाल्या, "थ्याले वापस बोलवा, साहेब."

आता कोणी हसलं नाही. साहेबांनी ताटाकडे पाहिलं, बोटांनी डाळीत घास कालवला आणि माझ्याकडे भात मागितला.